अक्काचा क्लेम

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, हायवेलगतच्या टायरच्या दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कंपनीच्या इंजिनिअरची वाट पाहत होतो. सकाळीच अक्कानं सावद्याहून फोन करून मला तिथं पिटाळलं होतं. "साहेब आज येनार आहे. तू तिथीच बसून राय. तो आला की मले फोन लाव, मी बोलते त्याच्याशी," असा हुकूम होता. माझा कॉलेजचा तास बुडाला होता, दुकानातला पातळ चहा पिऊन झाला होता आणि साहेबांचा पत्ता नव्हता. फोनवर भाऊजींचं नाव दिसलं, तरी बोलणारी अक्काच असणार याची मला खात्री होती. तिच्या फोनची बॅटरी उतरली की ती त्यांचा फोन उचलायची. मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरुवात केली, "अक्का, अजून आलेले नाहीत ते. आले की लावतो म्हटलं ना…" मग भाऊजी म्हणाले, "अरुण, मी बोलू राह्यलो. तू सावद्याले ये." कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या आवाजातच ते होतं. मी उठलो, तेव्हा दुकानाचे मालक मनोहरशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "सर, चालले का? साहेब आले तर काय सांगू?" त्या प्रश्नाचा मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. त्यात त्यांची काही चूक नव्हती, हे कळूनही उतरलेला नाही.

कमलअक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच. ती सावद्याच्या चौधरींकडे दिली, मी रसायनशास्त्र शिकवायला धुळ्याला आलो आणि देवपुरात स्थायिक झालो. भाऊजींची केळीची बाग थोडी आणि ट्रक दोन, असा त्यांचा संसार. सावद्यात केळी पिकवणारे पुष्कळ, पण ती वेळेत उत्तरेला पोचवणारा माणूस मिळणं कठीण; भाऊजींनी ते काम धरलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून वाढवलं. एका उन्हाळ्यात बऱ्हाणपूरच्या पुढं उतारावर पुढचा टायर फुटला, गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि भाऊजींचा उजवा पाय मांडीत मोडला. पाय जुळला, पण आखूड राहिला. ते जळगावच्या दवाखान्यात पडून होते तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नशीब बलवत्तर, जिवावरचं पायावर निभावलं. भाऊजींनाही ते पटायचं. अक्का मात्र हा शब्द निघाला की खाटेजवळून उठून बाहेर व्हरांड्यात जायची. एकदा मी तिच्यामागं गेलो, तर म्हणाली, "नशिबानं नही फुटला तो. त्याच्यात दम नव्हता हे यायले मालूम होतं. अजून एक फेरी, अजून एक फेरी करत चालवला, म्हनून फुटला." हे तिनं भाऊजींना कधी तोंडावर सुनावलं की नाही, मला माहीत नाही. पण भाऊजी काठी घेऊन घरी आले त्यानंतर गाड्यांचा सगळा कारभार तिनं आपल्याकडे घेतला आणि भाऊजींनी तो बिनबोभाट दिला, यावरून बहुधा सुनावलं असावं.

ती गाडी चालवायला कधी शिकली नाही. भाडी ठरवणं, ड्रायव्हर सांभाळणं, मंडीतल्या व्यापाऱ्यांशी फोनवर वाद घालणं हे तिनं केलं, तसं इतरही बायका करतात. टायर मात्र तिचा खास विषय झाला. टायर घ्यायला ती स्वतः धुळ्याला यायची, कारण जळगावपेक्षा इथं हायवेवर दुकानं जास्त आणि निवड करायला माल जास्त असं तिचं म्हणणं. येताना माझ्याकडे मुक्काम आणि मला बरोबर नेणं ठरलेलं. हे दिवस मला नकोसे व्हायचे, खरं सांगतो. साडी घ्यायला गेलेली बाई दुकानदाराला परवडेल, पण अक्का नाही. पुढं मांडलेला टायर ती कधीच घ्यायची नाही. उन्हात ठेवलेला आहे म्हणायची. मागच्या गोदामातले टायर बाहेर काढायला लावायची. प्रत्येकाच्या बगलेवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असा आकडा छापलेला असतो, तो चष्मा वर करून वाचायची. मग नखानं रबर दाबून बघायची, रिमवर बसणाऱ्या कडेवरून सगळीकडून बोट फिरवायची, शेवटी वाकून वास घ्यायची. वासानं काय कळतं, असं मी एकदा विचारलं. "तुले त मालूम पाहिजे, तूच त रसायन शिकवतो," म्हणाली. मी रबर का तडकतं, ऊन आणि हवेतला ओझोन त्याचं काय करतो, हे सांगायला लागलो, तर तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळेपासून दुकानात प्रत्येकाला "माहा भाऊ प्रोफेसर आहे, ओझोननं टायर तडकतो" असं सांगायला सुरुवात केली. मी प्रोफेसर नाही, ज्युनिअर कॉलेजचा मास्तर आहे, हे सांगून थकलो.

तिच्या हट्टांत सगळंच शहाणपणाचं होतं असंही नाही. डिझेल वाचवणारे रेडिअल टायर आले, सगळ्यांनी घेतले, तरी ती कित्येक वर्षं जुन्या पद्धतीच्या नायलॉनलाच चिकटून राहिली, कारण भाऊजींचा अपघात झाला तेव्हा फुटलेला टायर रेडिअल होता. डिझेल जास्त जाळून तिनं ती किंमत मोजली. शेवटी तिचा जुना ड्रायव्हर, नशिराबादचा युनूसभाई, तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. "अक्का, गाडी मैं चलाता हूँ ना? मग मले पाहिजे तो टायर द्या." तेव्हा कुठं ती तयार झाली. दहाचाकीसाठी एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे सहा नवे रेडिअल घ्यायचे ठरले, आणि ते मनोहरशेठकडे. शेठ शिंदखेड्याकडचे, अहिराणीत बोलायचे. "ताई, नख कितलं बी दाबा, बठ्ठा माल ताजा शे," असं म्हणत त्यांनी निम्मं गोदाम बाहेर काढलं. तिनं आकडे वाचले, वास घेतला, सहा निवडले. तिच्या नियमांनुसार त्या टायरांत काही खोट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं तिला सगळ्यात जास्त तेच लागलं.

दिवाळी जवळ आली होती, उत्तरेला केळीला मागणी होती. गाडी धुतली जात होती आणि अक्का नेहमीप्रमाणे भोवती फिरत होती. मागच्या एका टायरच्या बगलेवर, रिमच्या थोडं वर, तिला केसासारखी रेघ दिसली. तिनं पदराच्या टोकानं चिखल पुसला, रेघ राहिली. दुसरा पाहिला, त्यावरही होती. सहाच्या सहा. वरची नक्षी अजून जवळजवळ नवी होती, झीज नव्हतीच. तिनं फोटो काढून मनोहरशेठना पाठवले. त्यांचं उत्तर आलं की वरवरचं आहे, चालतं, घाबरू नका. युनूसभाईसुद्धा म्हणाला की दिल्लीची एक फेरी आरामात होईल. इकडं बागेत घड कापून ठेवलेले, व्यापारी फोनवर फोन करतोय. अक्का म्हणाली, "एक फेरी हा शब्द माह्या अंगनात बोलायचा नही." गाडी उभी राहिली. दुसऱ्याची गाडी ऐनवेळी मिळता मिळता बरंच केळं पिवळं पडलं, व्यापाऱ्यानं नावं ठेवली, आणि पायाच्या अपघातानंतर पहिल्यांदाच भाऊजी तिच्यावर मोठ्यानं ओरडले, असं तिनंच मला सांगितलं. गाडी उभी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून तिनं घरातल्या पडून असलेल्या जुन्या नायलॉनच्या टायरांवर ती कशीबशी जवळपासच्या भाड्यांना लावली आणि ते सहा टायर पिकअपमध्ये टाकून धुळ्याला आली.

इथून आमच्या घरात क्लेम हा शब्द शिरला. वॉरंटीत टायर खराब निघाला, तर कंपनी जेवढी झीज झाली तेवढं वजा करून उरलेल्याचं क्रेडिट देते, आणि ते पुढच्या टायरांच्या बिलातून कापलं जातं. यात अवघड काही नाही, असं मला वाटलं होतं. टायर समोर आहेत, तडे समोर आहेत, बिल आहे. पण मनोहरशेठ म्हणाले, मी नुसता विकणारा. ठरवणार कंपनीचा इंजिनिअर. तो महिन्यातून कधीतरी धुळ्याला येतो. तोवर टायर ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. सावद्याला परत नेले तर तपासणीच्या दिवशी पुन्हा आणा. मग अक्कानं मला न विचारताच तोड काढली आणि सहा टायर देवपुरात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, माझ्या स्कूटरच्या जागी उभे राहिले. शेजारी कुरकुरले. अवकाळी पाऊस झाला, टायरांत पाणी साचलं, आणि डासांच्या अळ्या शोधत फिरणारी माणसं येऊन माझ्या नावानं नोटीस चिकटवून गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती जिन्यात सगळ्यांना दिसेल अशी लावली. मी अक्काला फोन करून वैतागलो, तर ती म्हणाली, "त्याच्यावर ताडपत्री टाक ना मंग. ऊन बी नही लागनार." तिला माझ्या नोटिशीची नाही, टायरांना आणखी तडे जाण्याची काळजी होती.

इंजिनिअर आला तेव्हा अक्का भल्या सकाळच्या एसटीनं येऊन हजर होती. नाकासमोर चालणारा, नीटस तरुण होता तो. त्यानं टायर फिरवून पाहिले, नक्षीची खोली मोजली, फोटो घेतले. आणि सहज, चहा पिता पिता विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, गाडीत जादा माल भरता का कधी?" कोणत्याही ट्रकमालकानं या प्रश्नाचं काय उत्तर दिलं असतं, ते हायवेवरचं शेंबडं पोरही सांगेल. अक्का म्हणाली, "एकदा भरला होता. जुन्या टायरांवर, हे घ्यायच्या आधी. तवापासून कानाले खडा लावला." मी तिच्याकडे पाहतच राहिलो. इंजिनिअरनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. काही दिवसांनी माझ्या ईमेलवर निकाल आला: तडे उत्पादनदोषामुळे नाहीत, कमी हवा आणि जादा भार यांमुळे आहेत, ग्राहकाने जादा भाराची कबुली दिली आहे, क्लेम नामंजूर. मी तो इंग्रजी मजकूर फोनवर तिला मराठीत वाचून दाखवला. तिनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला, मग म्हणाली, "पन मी त जुन्या टायरांचं सांगितलं होतं." मी म्हटलं, सांगायचंच कशाला होतं? त्यावर ती माझ्यावरच चिडली. त्यानं विचारलं म्हणून सांगितलं, खोटं कशाला बोलू, माझी बाजू खरी असताना? या वाक्यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. अजूनही नाही.

मग सुरू झालं ते मी थोडक्यातच सांगतो, कारण आठवलं तरी डोकं दुखतं. ग्राहकसेवेचा नंबर लावायचा, गाणं ऐकायचं, भाषा निवडायची, मराठी निवडली की हिंदीत बोलणारी मुलगी यायची. तिला पहिल्यापासून सांगायचं. ती तक्रारीचा नवा नंबर द्यायची आणि जुनी तक्रार बंद झाल्याचा मेसेज यायचा. अक्का सावद्याहून सांगायची, मी ते इंग्रजीत लिहून पाठवायचो, आणि तिला संशय असायचा की मी सौम्य करून लिहितो. करतच होतो. "तुमचा माणूस आंधळा आहे" हे वाक्य मी "तपासणीचा फेरविचार व्हावा" असं लिहिलं. ती प्रत्येक रविवारी आली असेल असं वाटावं इतक्यांदा धुळ्याला आली. मनोहरशेठशी भांडली, त्यांच्यावर गोदामात टायर उन्हात ठेवल्याचा आळ घेतला, आणि दुपारी त्यांच्याच घरी जेवूनही आली. शेठनाही ते टायर आवडेनासे झाले होते; त्याच खेपेचा टायर घेतलेला साक्रीकडचा एक गाडीवालाही तडे घेऊन आला होता. हे कळलं तेव्हा अक्का माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "आता सांगतील ते. सांगावंच लागंल." तिला काय हवं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. क्रेडिट मिळालं असतं तर तिनं घेतलं असतं. पण तिला ऐकायचं होतं ते एवढंच, की टायर खराब होते. तिनं निवडताना चूक केली नव्हती, चालवताना केली नव्हती.

याच काळात कधीतरी तिला आमचा जिना चढताना दम लागायला लागला. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आधी ती मध्येच थांबून खाली टायरांकडे बघायची, आम्हाला वाटायचं, ताडपत्री नीट आहे का ते बघते. मग बायकोच्या लक्षात आलं. आम्ही तिला देवपुरातल्याच एका हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, चेहरा गंभीर केला आणि अँजिओग्राफी करून घ्या, लांबवू नका म्हणून सांगितलं. अक्का "हो" म्हणाली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी तारीख घेऊ म्हटलं, तर म्हणे, "इंजिनिअर येऊन जाऊ दे. मंग निवांत करू." मी रस्त्यातच तिच्यावर ओरडलो. लोक बघायला लागले. मी टायरांचा, कंपनीचा, तिच्या हट्टाचा उद्धार केला. म्हटलं, ते सहा टायर आत्ता जाऊन पांझरा नदीत ढकलून देतो. ती शांतपणे रिक्षात बसली आणि मला म्हणाली, "बस. ओरडू नको. तुलेबी बीपी आहे." सावद्याला भाऊजींनी समजावलं, त्यांच्या लेकीनं पुण्याहून फोनवर रडून सांगितलं. प्रत्येकाला तिनं हो म्हटलं. नाही म्हणून भांडली असती तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं. हो म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं?

आमच्या तक्रारींचा परिणाम झाला असेल किंवा साक्रीच्या गाडीवाल्याचा. दुसरा, वरच्या हुद्द्याचा इंजिनिअर येणार असं डॉक्टरांकडे जाण्याआधीच कळलं होतं. तोच, ज्याची मी त्या सकाळी वाट पाहत होतो. अक्का सकाळी उठली, मला फोन करून झापलं, देवपूजा केली, अंगणात उभ्या गाडीला एक चक्कर मारली आणि ओट्यावर टेकली. भाऊजी आतून पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. पुढच्या दिवसांत माणसं भेटायला येत होती. त्यांतल्या एका शिकलेल्या पाहुण्यानं उसासा टाकून म्हटलं, "गाडीची एवढी काळजी घेणारी बाई, स्वतःच्या इंजिनाकडं लक्ष दिलं नाही हो." लोकांनी माना डोलावल्या. मला त्या माणसाला घराबाहेर काढावंसं वाटलं. माझी बहीण असल्या सुभाषितात बसावी म्हणून गेलेली नाही. ती गेली कारण एका तपासणीला एका दुपारचा वेळ लागला असता आणि तो तिनं दिला नाही, कारण एका कंपनीला साधं उत्तर द्यायला महिनोन्‌महिने लागले. मला दोघांचाही राग आहे. तिचा जास्त.

तेराव्यानंतर मी धुळ्याला परतलो, आणि काही दिवसांनी कंपनीतून फोन आला. गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "कमल चौधरी मॅडमशी बोलायचं होतं. अभिनंदन, तुमचा क्लेम मंजूर झाला आहे." मी सांगितलं, त्या वारल्या. ती म्हणाली, "ओके सर, मग आपल्याला नावात बदल करावा लागेल." त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आणि एक कागद सही करून. तो कागद ईमेलवर आला. त्यात लिहिलं होतं की टायरांत दोष आढळलेला नाही. तरीही ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन, अपवाद म्हणून, सद्भावनेपोटी क्रेडिट देण्यात येत आहे. ते याच कंपनीच्या नव्या टायरांवर वापरता येईल. आणि यापुढे ग्राहकाची कोणतीही तक्रार शिल्लक नाही. सद्भावनेपोटी! मी तो शब्द अक्कासमोर वाचला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला हसू आलं. तरी मी ठरवलं होतं की हे संपवायचं. गाडीला टायर हवेच होते, युनूसभाई जुन्या नायलॉनला कंटाळला होता. मी भाऊजींना बोलावून घेतलं.

भाऊजी काठी टेकत मनोहरशेठच्या दुकानात आले. अपघातानंतर टायर घ्यायला ते कधी आलेच नव्हते. शेठनी खुर्ची दिली, सांत्वनाचे दोन शब्द बोलले, डोळे पुसले. मी कागद वाचून, अर्थ सांगून, सही कुठं करायची ते दाखवलं. भाऊजींनी पेन घेतलं आणि विचारलं, "याच्यात कुठी लिहेल आहे का, टायर खराब होते म्हनून?" मी म्हटलं, नाही; पण त्यानं काय फरक पडतो, क्रेडिट मिळतंय. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मंग मी कायवर सही करू?" मी समजावलं. शेठनी समजावलं, त्यांचाही त्यात फायदाच होता. हाच माणूस दिवाळीत तिच्यावर ओरडला होता, पुढं कित्येकदा मला खाजगीत म्हणाला होता की तुझ्या बहिणीला हे सोडून द्यायला सांग. आता तो ऐकेना. मी वैतागून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. परत आत आलो तेव्हा भाऊजी आखडलेला पाय लांब करून, दुसऱ्याच कंपनीच्या टायरवर वाकलेले होते आणि शेठना आकडा वाचून दाखवायला सांगत होते, कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. पूर्ण किमतीचे सहा टायर घेऊन ते सावद्याला गेले. तडकलेले टायर दुसऱ्या तपासणीसाठी कंपनीनं नेले होते, ते क्लेम घेतला नाही म्हणून परत आले. पाच अख्खे आणि एक मधोमध कापलेला. शेठकडे जागा नाही. ते कुठं आहेत, हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा.

गेल्या आठवड्यात मी सावद्याला गेलो होतो. भाऊजी ओट्यावर बसले होते, शेजारी अक्काचा फोन चार्जिंगला लावलेला. तो अजून चालू का ठेवलाय, हे विचारावं की नाही असं माझ्या मनात चाललं होतं, तेवढ्यात तो वाजायला लागला. एकामागून एक मेसेज. युनूसभाईचे होते. टायर तडकले तेव्हापासून त्यानं रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी, असेल तिथून, दहाही टायरांचे फोटो अक्काला पाठवायचे असा तिचा नियम होता, हे मला त्या दिवशी कळलं. ती गेल्यावर भाऊजींनी त्याला सांगितलं होतं की आता राहू दे. तो म्हणाला, "तुम्ही पाहू नका पाहिजे तर, भाऊ. मैं भेजूंगा. त्याच्याबिगर गिअर पडत नाही माझ्याच्यानं." इंदूरच्या पुढं कुठंतरी ढाब्यासमोरचे फोटो होते. ओली माती, चाकाशी लावलेला दगड, एका कोपऱ्यात युनूसभाईची चप्पल. भाऊजींनी चष्मा लावला आणि एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करत, बगलेवरून सावकाश सरकवत पाहिला. मग त्यांनी फोन तोंडाशी धरला. "युनूस, डावीकडचा आतला नीट दिसत नही. परत काढ." थोड्या वेळानं फोटो आला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "पाह्य बरं, तुले काही दिसतं का?" मी पाहिला. टायर चांगला होता, तसं मी सांगितलं.

"चांगलाच आहे," भाऊजी म्हणाले. "ती असती त आजून एक मागितला असता." आणि फोन पुन्हा तोंडाशी नेऊन त्यांनी आणखी एक मागितला.